आयकॉन छोटा चालेल, बोटाला जागा द्या

मोबाइल ॲपच्या डिझाइनवरच्या एका लेखात आयकॉनचा, म्हणजे बटणावरच्या छोट्या चित्राचा, आकार २४ डीपी (पडद्यावरची मापं मोजायचं अँड्रॉइडचं एकक) ठेवा असं म्हटलंय, ते बरोबर आहे. पण तिथेच थांबल्यामुळे नवशिक्या डिझायनरचा घोटाळा होईल. २४ हे चित्राचं माप झालं. बोट टेकवायची जागा अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार किमान ४८ बाय ४८ डीपी हवी, म्हणजे पडद्यावर साधारण ९ मिलिमीटर. ॲपल स्वतःच्या एककात ४४ पॉइंट सांगतं. चित्राभोवती चारही बाजूंनी १२-१२ डीपी मोकळी जागा सोडली की काम होतं, दिसायला काहीच बदलत नाही.

माझी आई सत्तरीची आहे. तिच्या बँकेच्या ॲपमध्ये 'रद्द करा' आणि 'पुढे' ही बटणं एकमेकांना खेटून आहेत. पैसे पाठवताना तिचा अंगठा दोनदा 'रद्द करा'वर पडला आणि तिसऱ्यांदा तिने फोन माझ्या हातात दिला. "मला नाही जमत हे," म्हणाली. तिला सगळं जमतं हो, बटणंच चुकीची आहेत!

आणखी एक, मराठीपुरतं. बटणाची उंची इंग्रजी अक्षरं बघून ठरवतात. मग वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. त्याच ॲपमध्ये मोठा फॉन्ट लावला की 'पुढे'चं 'पढे' होतं. उंची पक्की बांधू नका, किमान ठेवा आणि मजकुराबरोबर वाढू द्या. चाचणी करताना फॉन्ट सगळ्यात मोठा करून एकदा तरी बघा, कारण आईसारखी माणसं तोच वापरतात.