एसी गार करेना म्हणून मेकॅनिक बोलवा, त्याचं एकच: गॅस संपलाय म्हणे!

एसीतला गॅस संपत नसतो! तो काय स्वयंपाकाचा सिलिंडर आहे, वापरला की रिकामा व्हायला? बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. मग आधी गळती शोध ना बाबा! जोडांना साबणाचा फेस लाव, नायट्रोजन भरून प्रेशर टिकतंय का बघ, पंपाने नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम कर, मग काट्यावर वजन करून गॅस भर. छे! प्रेशरचा गेज लावायचा, सिलिंडर उघडायचा, हजारो रुपये घ्यायचे आणि चालू पडायचं. पुढच्या उन्हाळ्यात परत पहिले पाढे पंचावन्न.

परवा आमच्याकडे आलेल्याने तर कव्हरसुद्धा उघडलं नाही. एसीसमोर हात धरला आणि निकाल दिला, "मॅडम, गॅस संपलाय." महिन्याभरापूर्वी ह्याच लोकांनी सर्व्हिसिंगचे पैसे घेतले होते! शेवटी मीच स्टुलावर चढून फिल्टर ओढला. समोर जुनी इमारत पाडतायत, तिची धूळ इतकी बसलेली की जाळीची भोकंच दिसेनात. मागे कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, पांढराशुभ्र बर्फ. गॅस कमी झाला की बर्फ धरतो, मान्य. पण हवाच पुढे सरकत नसेल तरीही धरतो, आणि ते तपासायला दमडी लागत नाही. फिल्टर धुतला, बर्फ वितळू दिला, संध्याकाळी खोली गारेगार.

एसी बिघडायच्या आधी सांगत असतो हो. वारा मंद येतो, चालू केल्यावर कुबट वास येतो, खोली गार व्हायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो, बिल फुगतं. बघणाऱ्याने बघायला नको?

आणि तो आउटडोअर, एसीचा बाहेरचा डबा! ग्रिलबाहेर लटकलेला, वर कबुतरांचा संसार, पत्र्यांमध्ये पिसं अडकलेली. त्याची उष्णता बाहेर पडणार कुठून? दादर, माहीम, वर्सोव्याला तर खाऱ्या हवेने कॉइल गंजते, तिथे खरोखरच गळती लागते, म्हणजे तिथे जास्त नीट बघायला हवं. सर्व्हिसिंगच्या पोरांना कंपनी साधा सुरक्षेचा पट्टा देत नाही. पट्ट्याशिवाय त्यांनी बाहेर उतरूच नये, जीव महत्त्वाचा. पण मग पावतीवर "आउटडोअर साफ केला" असं धडधडीत खोटं का लिहिता?

सगळ्यात संताप येतो तो म्हाताऱ्या माणसांना लुबाडतात त्याचा. आमच्या मजल्यावरच्या आजींच्या एसीतून भिंतीवर पाणी ओघळत होतं. ड्रेन पाइप तुंबलेला, फुंकर मारून, पाणी सोडून मोकळा होणारा. त्यांनाही तेच सांगितलं, गॅस संपलाय. पेन्शनीतले पैसे घेऊन गॅस भरून गेले. आणि पाणी? ते अजून गळतंच आहे!