बकल्स मठ्ठ होता, हीच तर गोष्ट आहे

बीबीसीच्या ‘लाइन ऑफ ड्यूटी’ या पोलीस मालिकेचा सहावा सीझन २ मे २०२१ ला संपला. त्याच्या शेवटावरून चाललेला शिमगा मात्र संपायचं नाव घेत नाही. एक लांबलचक, संतापलेला मजकूर दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवरून माझ्यापर्यंत येतो. परवा तो रेडिंगच्या मावसभावाने पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘आता बोल.’ बरं, बोलतो.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी चार ओळी. (ज्यांना पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं फोडलंय.) इंग्लंडमधलं एक काल्पनिक पोलीस दल आणि त्यातलं एसी-१२ हे भ्रष्टाचारविरोधी पथक. सुपरिंटेंडंट हेस्टिंग्ज, स्टीव्ह आर्नॉट आणि केट फ्लेमिंग हे तिघं दर सीझनला एखाद्या संशयित अधिकाऱ्याच्या मागे लागतात. खोदत गेलं की बहुतेक वेळा तळाशी एखादा खून निघतो आणि तो उकलू नये म्हणून खात्यातलंच कुणीतरी जिवाचं रान करत असतं. गुन्हेगारी टोळीला पोलिसांच्या आतून निरोप देणारा ‘एच’ कोण, या प्रश्नावर लोकांनी वर्षानुवर्षं डोकं खाजवलं. शेवटी निघाला त्याच दलातला अधिकारी इयन बकल्स.

मजकुराचं म्हणणं असं. एक, बकल्ससारखा स्पेलिंग न येणारा ढ माणूस ‘एच’ काढणं ही प्रेक्षकांची फसवणूक आहे. दोन, ब्रिटिश पोलिसांत इतकी कीड नसते, खुद्द लंडनच्या पोलीस आयुक्तांनीच मालिकेवर संताप व्यक्त केला होता. तीन, खुनाचे तपास इतके गचाळ कुठेच होत नाहीत. चार, काचेच्या खोलीतल्या त्या लांबलचक चौकश्या म्हणजे निव्वळ नाटक.

चौथ्यापासून सुरू करतो, कारण तो लवकर आटपेल. नाटक आहेच, पण हवेत बांधलेलं नाही. आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे ‘टेबलावर बसवून नुसतं बोलतात काय’ हा प्रश्न आपल्याला सहज पडतो. इंग्लंडमध्ये मात्र वकिलाच्या हजेरीत ध्वनिमुद्रित झालेली चौकशी थेट खटल्यात वाजते. अटक करतानाच बजावलं जातं की आत्ता सांगितलं नाहीस आणि पुढे कोर्टात त्याच गोष्टीचा आधार घेतलास तर तुझ्या बचावाला ते महागात पडू शकतं. म्हणून सहाव्या सीझनमधली संशयित अधिकारी ‘जो’ डेव्हिडसन ‘नो कॉमेंट’ म्हणते तेव्हा प्रत्येक वेळी ती काहीतरी पणाला लावत असते. कागद सरकवणं, फोटोला क्रमांक देणं, रेकॉर्डर सुरू झाल्यावरचा तो जीवघेणा लांब आवाज, यातच खटला उभा राहतो. यात नाटकी काय असेल तर उत्तरांचा नेमकेपणा. खरी माणसं इतकी नीटनेटकी खोटं बोलत नाहीत.

आता तिसरा मुद्दा, गचाळ तपासाचा. यावर मला जरा जास्त वेळ लागणार आहे.

१० मार्च १९८७. आग्नेय लंडनमधल्या सिडनममध्ये ‘गोल्डन लायन’ नावाचा पब. डॅनिअल मॉर्गन हा ३७ वर्षांचा खासगी गुप्तहेर आपल्या भागीदाराशी तिथे बोलत बसला होता. थोड्या वेळाने पबच्या मागच्या वाहनतळावर त्याचं प्रेत सापडलं, डोक्यात कुऱ्हाड रुतलेली. कुऱ्हाडीच्या दांड्याला पकड घट्ट राहावी म्हणून चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

असा खून पटकथेत लिहिला तर ‘भडक’ म्हणून शेरा येईल. पण खरी गंमत (गंमत कसली) त्यानंतरची. घटनास्थळाची नीट झडती घेतली गेली नाही, पहाराही धड नव्हता. म्हणजे पोलिसी कामात सगळ्यात आधी शिकवतात ती गोष्टच राहिली. तपासाच्या पहिल्या दिवसांत काम करणारा एक सार्जंट मयताच्या त्याच भागीदाराचा जिगरी दोस्त होता. हा सार्जंट पुढे खात्यातून बाहेर पडला आणि मॉर्गनच्या कंपनीत, मॉर्गनच्या रिकाम्या जागी, भागीदार म्हणून बसला. पुढे तपासावर तपास झाले, २०११ मध्ये शेवटचा खटला उभा राहण्याआधीच कोसळला आणि आजपर्यंत या खुनासाठी एकालाही शिक्षा झालेली नाही. मालिकेच्या लेखकाने यातलं अर्धं जरी घेतलं असतं तरी आपल्या मजकूरवाल्याने ‘हे पटत नाही’ म्हणून टीव्ही बंद केला असता.

हे एकच उदाहरण नाही. मालिकेच्या सहाव्या सीझनमध्ये गेल व्हेला या पत्रकार बाईचा खून होतो आणि संशयित म्हणून टेरी बॉइल पुढे येतो. डाउन सिंड्रोम असलेला, एकटा राहणारा, कुणीही घरात घुसून ज्याचा फ्रीजर वापरावा असा. पुरावे त्याच्या घरात, सगळं त्याच्याच गळ्यात. आता प्रत्यक्षातलं पाहा. लंडनमध्ये २६ एप्रिल १९९९ ला दूरचित्रवाणी निवेदिका जिल डँडो हिला तिच्या घराच्या दारात गोळी घालून मारलं. वर्षभराने जवळच राहणाऱ्या बॅरी जॉर्जला पकडलं. हा माणूस विक्षिप्त, आजारी, समाजात न मिसळणारा. २००१ मध्ये त्याला जन्मठेप झाली, आणि त्या निकालात मोठा भार होता त्याच्या कोटाच्या खिशात सापडलेल्या बंदुकीच्या दारूच्या एका कणावर. एक कण. त्या कणाला फारसा अर्थ नाही हे पुढे मान्य झालं आणि २००८ मध्ये फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. मधली वर्षं तुरुंगात गेली. खुनी अजून सापडलेला नाही. इथे कुणी लाच खाल्ली असं मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच की हाताशी सापडणाऱ्या दुबळ्या माणसावर केस बसवण्यासाठी टोळीच लागते असं नाही.

मग आयुक्तांचं काय? दुसरा मुद्दा मजकूरवाल्यांचा हुकमाचा एक्का आहे आणि तो खोटा नाही. क्रेसिडा डिक तेव्हा लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या प्रमुख होत्या. मालिकेत दाखवलेला सर्रास, टोकाचा भ्रष्टाचार पाहून आपल्याला भयंकर संताप आला, असं त्यांनी २०१९ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं. एवढं खरं. पण मालिकेची निंदा आयुक्तांनी केली म्हणून मालिका खोटी, हा हिशोब मला कळत नाही. सासूने सुनेला नावं ठेवली की निकाल लागला का?

मालिकेचा पहिला प्रसंग आठवा. २०१२, पहिला सीझन. दहशतवाद्याच्या फ्लॅटवर छापा. दारावरच्या आकड्यातला नऊ खिळा निसटून सहा झालेला, सशस्त्र पोलीस चुकीच्या घरात घुसतात आणि करीम अली हा निरपराध बाप मारला जातो. मग वरिष्ठ अधिकारी ऑसबर्न सगळ्यांना एकसारखी साक्ष पढवायला बसतो. आर्नॉट नकार देतो आणि एसी-१२ मध्ये जातो. ऑसबर्नचं काय होतं? सहाव्या सीझनपर्यंत तो दलाचा मुख्य अधिकारी झालेला असतो आणि आमच्या खात्यात भ्रष्टाचार नाही म्हणून ठणकावत असतो.

आता २२ जुलै २००५, लंडनचं स्टॉकवेल स्टेशन. आत्मघाती हल्लेखोर समजून पोलिसांनी जाँ शार्ल दि मेनेझिस या २७ वर्षांच्या ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनला डोक्यात सात गोळ्या घालून मारलं. तो जाड कोट घालून होता, तिकिटाचा अडसर उडी मारून पळाला, अशा गोष्टी पहिल्या काही दिवसांत पसरल्या. दोन्ही खोट्या निघाल्या. २००७ मध्ये दलाला दंड झाला तो कोणत्या कायद्याखाली, तर आरोग्य आणि सुरक्षिततेच्या. त्या दिवशी कारवाईच्या प्रमुख होत्या क्रेसिडा डिक. ज्यूरीने त्यांच्यावर व्यक्तिगत दोष ठेवला नाही, हेही इथेच सांगायला हवं. पण ज्या मालिकेची सुरुवातच अशा प्रसंगाने होते तिच्याबद्दल त्यांचं मत तटस्थ पंचाचं मत म्हणून फिरवणं ही मात्र चलाखी आहे.

पुढे ऐका. सहावा सीझन संपून दीड महिनाही झाला नव्हता. १५ जून २०२१ ला डॅनिअल मॉर्गन प्रकरणाच्या स्वतंत्र समितीचा अहवाल आला, तीन खंड, १,२०० हून जास्त पानं. अध्यक्ष नुआला ओलोन. वर्षभरात संपेल असं धरलेलं हे काम आठ वर्षं चाललं, आणि उशिराचं एक मोठं कारण म्हणजे पोलिसांनी आपली तपासाची संगणकीय नोंद समितीला खुली करायला केलेली टाळाटाळ. त्या टाळाटाळीसाठी समितीने ज्यांच्यावर नाव घेऊन ठपका ठेवला त्यांत डिक होत्या. समितीने शब्द वापरला ‘संस्थात्मक भ्रष्टाचार’. त्याची व्याख्या पैशाशी बांधलेली नाही. लोकांत आपली प्रतिमा डागळू नये म्हणून संस्थेने स्वतःच्या चुका दडवल्या किंवा नाकारल्या, तर तोही भ्रष्टाचारच, असा तिचा अर्थ. डिक यांनी तो ठपका मान्य केला नाही.

आणि इथे मजकुराचा पहिला मुद्दा, बकल्सचा, आपोआप येतो. ‘एच’ हा कुणी एक महाखलनायक असेल असं मालिकेने सांगितलंच नव्हतं. पाचव्या सीझनच्या शेवटी, म्हणजे २०१९ मध्येच, स्पष्ट केलं होतं की मरताना कॉटनने (पोलिसांतला टोळीचा माणूस) बोटांनी जे चार ठोके दिले ते मोर्स लिपीतलं ‘एच’ अक्षर, आणि चार ठोके म्हणजे चार माणसं. तीन सापडली होती, चौथं राहिलं होतं. प्रेक्षकांनी मात्र पुढची दोन वर्षं स्वतःच्या डोक्यात एक राक्षस पाळला. मग दार उघडल्यावर बकल्स दिसला आणि सगळे लेखकावर तुटून पडले.

बकल्सची कारकीर्द एकदा सलग पाहा. पहिल्या सीझनमध्ये इन्स्पेक्टर, आळशी, दुसऱ्याच्या केसवर आयता येऊन बसणारा. मधेमधे उगवतो आणि तपास थंड करून जातो. सहाव्यात डिटेक्टिव्ह सुपरिंटेंडंट. त्याची फाइल कुणी उघडून पाहिली नाही, कारण ढिसाळ अधिकारी म्हणजे संशयास्पद अधिकारी असं कुणालाच वाटत नाही. नोकरी केलेल्या प्रत्येकाने असा एक साहेब पाहिलेला असतो. काम येत नाही, पण कुणाला दुखवत नाही, सही हवी तिथे करतो, आणि बढतीच्या यादीत दर वेळी असतो. टोळीला अक्कलवान माणूस कशाला हवा होता? निरोप इकडून तिकडे द्यायला आणि एखादा धागा तपासायचा ‘राहून गेला’ असं दाखवायला बकल्स पुरतो. तो पकडला जातो तेही एका चुकीच्या स्पेलिंगमुळे. ‘नक्की’ या अर्थाचा इंग्रजी शब्द, ज्यात ‘आय’ हवा तिथे त्याने आयुष्यभर ‘ए’ लिहिला, टोळीच्या निरोपांतही आणि सरकारी अहवालांतही. खात्यातल्या एकाही वरिष्ठाने त्याचे अहवाल लक्ष देऊन वाचले नव्हते, एवढाच याचा अर्थ.

शेवटचा भाग त्या रात्री १ कोटी २८ लाख लोकांनी पाहिला. एवढ्या लोकांची निराशा झाली हे मी नाकारत नाही. माझीही झाली, त्या रात्रीपुरती.

मजकूरवाल्यांना एक मुद्दा फुकट देतो, त्यांच्या यादीत तो नव्हता. दर सीझनला काळे बुरखे घातलेली माणसं पोलिसांच्या ताफ्यावर भर रस्त्यात बंदुका चालवतात, ते अती होतं. सहाव्या वेळी तर मी पाणी प्यायला उठलो.

बाकी बकल्स पटत नसेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. २०२३ मध्ये मेट्रोपॉलिटन पोलिसांनी जाहीर केलं की मॉर्गन प्रकरणाची काही कागदपत्रं, जी समितीला द्यायला हवी होती, ती न्यू स्कॉटलंड यार्डमधल्या एका कुलूपबंद कपाटात आत्ता सापडली. कपाट बरीच वर्षं कुणी उघडलंच नव्हतं. आणि त्याआधी, मार्च २०२२ मध्ये, पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या निरीक्षणालयाने याच दलाची तपासणी केली होती. दल ‘संस्थात्मकरीत्या भ्रष्ट’ आहे असं म्हणायला त्यांनी नकार दिला, समितीला ठरवून अडवल्याचा पुरावाही त्यांना मिळाला नाही. पण भ्रष्टाचार रोखण्याची दलाची पद्धत मुळातच सदोष ठरवली. रोकड, दागिने, अमली पदार्थ असा शेकडो नगांचा मुद्देमाल हिशोबाला लागत नव्हता. एका ठिकाणी मुद्देमालाच्या खोलीला आकड्यांचं कुलूप होतं, आणि ते उघडायचे आकडे त्याच दारावर, बाहेरच्या बाजूने, लिहून ठेवले होते.