मंदी आली तरी चारचौघांत दिसता कामा नये

अर्थशास्त्राच्या पुस्तकात मंदी फार सोपी करून सांगितलेली असते. लागोपाठ दोन तिमाह्यांत देशाचं उत्पन्न घटलं की मंदी आली. 2020 साली आपल्याकडे तसं झालंही. पण पुस्तक लिहिणारे कधी सांगलीत भाड्याने राहिलेले नसतात. आपल्याकडे मंदी येते ती समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना कळल्यावर. तोवर सगळं झकास चाललेलं असतं. तेव्हा घरखर्चाचं शहाणपण शिकायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा, की जे लोकांना दिसत नाही तिथे कात्री लावायची आणि जे दिसतं त्याला बोटही लावायचं नाही. बाकी सगळा तपशील आहे, पण तपशीलातच खरी कला आहे.

सुरुवात शनिवारच्या बाजारापासून करावी. चारचाकी घेऊनच जा. मेथीच्या दोन पेंड्यांसाठी चारचाकी कशाला, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी हा लेख इथेच सोडावा. बाजाराच्या कडेला पोतं अंथरून बसलेली एखादी म्हातारी निवडा. गाळेवाला नको, तो ऐकत नाही.

“मेथी कशी दिली, मावशी?”

“पंधराला एक. पंचवीसला दोन न्या की.”

“दहाला दे एक.”

“न्हाई वो परवडत दादा, टेंपोचं भाडंच सुटंना झालंय.”

“मग राहू दे.”

इथे पाठ फिरवायची आणि चार पावलं चालायची. पाचवं टाकायचं नाही, कारण तिने खरंच हाक मारली नाही तर पंचाईत होते. पण ती मारते. “घ्या, घ्या. भवानी करताय, परत नका जाऊ.” मग पेंडी हातात आल्यावर तिच्या टोपलीतली चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी आपल्या हाताने उचलून पिशवीत टाकायची. विचारायचं नाही, विचारलं की त्याला किंमत येते. अशा रीतीने वाचलेले पाच रुपये खिशात घालून तडक शंभर फुटी रोडवर जा आणि एकशे ऐंशी रुपयांची कोल्ड कॉफी प्या. तिथे घासाघीस करू नका. तिथे दर कार्डावर छापलेला असतो, आणि छापलेल्या दरापुढे मान तुकवणं हे सुसंस्कृत माणसाचं लक्षण आहे.

घरात आल्यावर कात्री आणखी धारदार करावी. पेपर बंद करा, शेजाऱ्यांचा दुपारी मोकळाच असतो. भांडीवाल्या मावशींना सांगा की या महिन्यापासून पगार वाढवता येत नाही, जगभर मंदी आहे. त्यांच्या गल्लीत मंदी आलीय का, हे विचारायच्या भानगडीत पडू नका, लांबतं. आईच्या गुडघ्याच्या गोळ्यांचं तुम्हाला काहीच करावं लागणार नाही. चार दिवस घरात पैशांचं बोलणं तिच्या कानावर पडू द्या. पाचव्या दिवशी ती आपणहून म्हणते, “आता बरं वाटतंय मला, एक दिवसाआड घेतली तरी चालंल.” घरात अशी एक-दोन माणसं असली की मंदी अंगाला लागत नाही.

आरोग्य विम्याचा हप्ता हा तर उघडउघड वायफळ खर्च. 22 सप्टेंबर 2025 पासून सरकारने वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्यावर आणला, म्हणून काही हळवी माणसं हप्ता भरत राहिली आहेत. पण विम्याचा कागद कपाटात पडून असतो, तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा करता येत नाही. शिवाय मिरज काय लांब आहे? एवढी हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर असताना विमा काढणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं.

आता जिथे हात आखडायचा नाही त्याकडे वळू. पोराचा पहिला वाढदिवस, वास्तुशांत, साखरपुडा. यात काटकसर केली तर पाहुणे जेवून उठताना एकमेकांकडे बघतात. ते बघणं फार महागात पडतं, त्यापेक्षा कर्ज स्वस्त. कार्यालय मोठं घ्या, चौकात फ्लेक्स लावा, त्यावर गॉगल घातलेल्या वर्षाच्या बाळाला ‘आधारस्तंभ’ करा. जेवणात पनीर दोन प्रकारचं हवं. आणि पैसे क्रेडिट कार्डावर टाका.

कार्डाची एक सोय लोकांना अजून नीट कळलेली नाही. बिलावर मोठ्या आकड्याखाली एक छोटा आकडा असतो, किमान देय रक्कम. बँकेला तुमची काळजी असते म्हणून तो तिथे छापलेला असतो. समजा, पन्नास हजार थकले आहेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे अडीच हजार. तुम्ही ती भरता आणि रात्री निवांत झोपता. त्या अडीच हजारांतले 1,750 व्याजात गेले, व्याजावरच्या 18 टक्के जीएसटीत 315 गेले, आणि मुद्दलातून उतरले 435. पोरगं दहावीला जाईपर्यंत त्याच्या पहिल्या वाढदिवसाचं पनीर फिटलेलं नसेल. इतकी टिकाऊ भाजी दुसऱ्या कुठल्या हॉटेलात मिळत नाही.

तरी घाबरायचं कारण नाही. आपण कृष्णाकाठची माणसं. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 45 ला धोका पातळी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आणि पाठ असल्यामुळेच आपण 40 ला पाणी बघायला पुलावर जातो, 45 ला स्टेटस टाकतो, आणि पाणी गल्लीत शिरल्यावर फ्रीज वर चढवायला माणसं शोधत फिरतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांवर गेलं तेव्हाही ‘2005 ला इथवर आलं नव्हतं’ म्हणत निम्मी गल्ली पायरीवरच उभी होती. कार्डाच्या बिलाकडेही ह्याच धीराने बघा.

धीर सुटलाच तर घरात सोनं आहे. 2025 साली दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेला तेव्हापासून तर बायकोच्या हातातल्या पाटल्यांकडे बघण्याची पुरुषांची नजरच बदलली आहे. लग्नात त्या अंगावर घातल्या तेव्हा एवढं निरखून कुणी बघितलं नव्हतं. सोनं विकायचं नाही, ते अशुभ असतं. तारण ठेवायचं, म्हणजे शुभ राहतं आणि पैसेही येतात. काउंटरवरचा माणूस पाटली कसोटीवर घासतो, थेंबभर रसायन टाकतो, काट्यावर ठेवतो आणि मग लाखेचं वजन वजा करतो. बायको बाजूच्या खुर्चीवर पदरात हात घेऊन बसलेली असते. मनगटावर पाटलीच्या जागी गोरा पट्टा उमटलेला असतो, तो झाकायला. तिकडे बघू नका. तुम्ही किमतीच्या किती टक्के कर्ज मिळतं तेवढं विचारा. आपल्या जिल्ह्यातली विटा-खानापूरकडची गलाई मंडळी देशभर सोनं गाळून पोट भरतात. तुम्हाला तेवढं लांब जायची गरज नाही, सोनं घरबसल्या गळतं.

मिळालेल्या पैशातून घरखर्च भागवू नये. पैशाला कामाला लावावं. मंदीत उत्पन्न वाढवणं हेच खरं शहाणपण, असं मोबाईलवरचा प्रत्येक तरुण सांगतो, आणि तो सांगताना मागे गाडी उभी असते, म्हणजे खरंच असणार. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2024 मध्ये जाहीर केलं होतं की त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरचा भाव पुढे कुठे जाईल यावरच्या सौद्यांत उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के लोकांना तोटा झाला, आणि सगळ्यांचा मिळून तो 1.8 लाख कोटींच्या वर गेला. हा आकडा वाचून कुणीही खचू नये. प्रत्येक सांगलीकर जन्मतःच उरलेल्या 7 टक्क्यांत असतो. आपले आजे हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या त्या अंधारात, हळद भरून ठेवायचे आणि भाव येईपर्यंत वर्षानुवर्षं गप बसायचे. तो रिकामटेकड्यांचा धंदा झाला. आपल्याकडे दर आठवड्याला मुदत संपणारे ऑप्शन आहेत, वाट कोण बघतो?

ऑप्शन जमत नसतील तर भाच्याची स्कीम घ्या. प्रत्येक घरात एक भाचा असतो आणि त्याच्याकडे एक स्कीम असते. महिन्याला दहा टक्के, घरपोच. पोस्टातल्या किसान विकास पत्रात पैसे दुप्पट व्हायला 115 महिने लागतात, हे सांगितलं की भाचा नुसता हसतो. त्याच्या साहेबांची सभा हॉटेलात असते, सभेला जेवण असतं, जेवणानंतर ज्याने सर्वांत जास्त नातेवाईक आणले त्याला शाल आणि नारळ मिळतो. अशा ठिकाणी ‘हा नफा नेमका कशातून येतो’ असं विचारणं म्हणजे पंगतीत बसून आचाऱ्याचं नाव विचारण्यासारखं वाटतं. विचारू नका. दोन महिने परतावा येईल. तोवर तुम्ही मेहुण्याला आणलेलं असतं. तिसऱ्या महिन्यात साहेबांचा फोन लागत नाही, मेहुण्याचा मात्र सारखा येतो.

ज्यांना एवढं धाडस नाही, त्यांनी ओळखीची पतसंस्था गाठावी. बँकेपेक्षा व्याज जास्त, आणि चेअरमन आपल्याच भावकीतला. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेलाही असतं, पतसंस्थेला मात्र ते लागू नाही. पण चेअरमन स्वतः “मी बसलोय की, दाजी” म्हणत असताना विम्याची चौकशी करणं शोभत नाही. आणि तो बसलेला असतो हे खरंच आहे. शटर खाली आलेलं असतं तेव्हा घरी बसलेला असतो.

हिशोबाची वही मात्र ठेवा. हिशोब ठेवणाऱ्या माणसाबद्दल घरात आदर असतो. एक तारखेला सुवाच्य अक्षरात दूध, लाईटबिल, गॅस असं लिहायला घ्यावं. आठवडा उलटला की आठवत नाही, तेव्हा ‘किरकोळ’ नावाचा रकाना उघडावा. महिनाअखेर किराण्याचे साडेसहा हजार आणि किरकोळीचे अकरा हजार होतात. मग बायकोला बोलावून किराण्याबद्दल विचारावं. तेल एवढं कसं लागतं, शेंगदाणे कुणी खाल्ले, भडंग आठवड्यात दोनदा का झालं, वगैरे. ती “किरकोळ काय वो?” असं म्हणायच्या आत वही मिटा.

एवढं करूनही महिन्याच्या पंचवीस तारखेला खडखडाट झाला, तर शेवटचा उपाय स्वयंपाकघरात आहे. डाळींच्या डब्यांची ओळ बघा. 2016 च्या नोव्हेंबरात हजार-पाचशेच्या नोटा बंद झाल्या तेव्हा घरोघरच्या डब्यांनी आपणहून तोंड उघडलं आणि ‘घरात पैसा नाही’ म्हणणाऱ्या नवऱ्यांना चार दिवस बोलता येईना. तेव्हापासून डबे बदलले आहेत. हरभऱ्याच्या डाळीत आता हरभऱ्याची डाळच असते. शोधत बसू नका, सरळ मागा. आवाज खाली ठेवा, ‘अगं’ ने सुरुवात करा, उसने म्हणा. आठवड्याच्या बाजारातून, ब्लाउज शिवून, भिशीतून तिने जमवलेले असतात. ती मोजून देईल आणि हात पैशावरून न काढता विचारेल, “परत कधी देणार?”

इथे अडखळायचं नाही. “ऊसबिल आल्यावर” असं ठोकून द्यायचं. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत असा कायदाच आहे, आणि त्या 14 दिवसांचं काय होतं ते आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे पुढे ती विचारणार नाही.

तुमच्याकडे ऊस नसला तरी चालेल.