आधी राजीनामा, मग जर्मनी?

आज सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात जर्मनीतल्या नोकऱ्यांविषयीचे ‘मोफत मार्गदर्शन’ ऐकून आलो, आणि जेवण होऊन गेले तरी डोके शांत झालेले नाही. व्यासपीठावरचे गृहस्थ ठासून सांगत होते की, हातातल्या नोकरीचा राजीनामा दिल्याशिवाय माणूस मन लावून जर्मन शिकतच नाही, परतीचे दोर कापले की सगळे आपोआप जमते. पुढच्या रांगांमध्ये बसलेले आईवडील, ज्यांनी उभ्या आयुष्यात सोसायटीचा एक हप्ता चुकवला नसेल, ते यावर टाळ्या वाजवत होते. अहो, सिंहगडावर दोर कापणारा सूर्याजी स्वतः गडावर होता. इथे दोर कापायला सांगणारा फी जमा करून आपल्या कार्यालयात पंख्याखाली बसणार आहे.

माझी भाची मिरजेला एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. तिलाही एका एजंटाने हेच सांगितले होते. तिने ऐकले नाही, कारण आमची ताई आडवी आली. ‘व्हिसा पासपोर्टवर बघेन, मग राजीनाम्याचे बोल,’ एवढेच ती म्हणाली आणि त्यावर चर्चा होऊ दिली नाही. भाचीच्या बरोबरीच्या मुलीने मात्र राजीनामा दिला, पैसे भरले आणि मूळ गुणपत्रिकासुद्धा ‘प्रोसेसिंगसाठी’ देऊन टाकल्या. भाषेच्या परीक्षेत ती अडली, पैसे अडकले, आणि आता ती आधीपेक्षा कमी पगारावर एका लहान दवाखान्यात काम करते. त्या गुणपत्रिका परत मिळवायला तिच्या वडिलांना किती हेलपाटे घालावे लागले, ते त्यांच्याच तोंडून ऐकावे.

यातला कोणता टप्पा राजीनामा दिल्यावाचून अडतो, हे मला कोणी सांगावे. परिचारिकेला तिकडे पूर्ण दर्जाने काम करायचे तर साधारणपणे बी-टू, म्हणजे सहा पातळ्यांपैकी चौथ्या पातळीची जर्मन लागते. आपल्या पदवीची तिथल्या राज्याच्या कार्यालयाकडून तपासणी होते, आणि काही कमी आढळले तर काय कमी आहे ते लेखी कळवले जाते. ती उणीव पुढे तिथे जाऊन प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढायची असते, आणि तोवर सहायक म्हणून, कमी पगारावर राबावे लागते. या कमी पगाराच्या काळाबद्दल आज व्यासपीठावरून अवाक्षर निघाले नाही. अर्ज, कागदपत्रांचे भाषांतर, मुलाखत, भाषा, हे सगळे इथे नोकरी करता करता होते. भाची करतेच आहे. स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर तीन रंगांच्या चिठ्ठ्यांवर तिने जर्मन नामे लिहून लावली आहेत, लिंगानुसार रंग वेगळा, आणि ताई पोळ्या लाटताना त्या मोठ्याने वाचून तिची उजळणी घेते.

रात्रपाळी करून व्याकरण डोक्यात शिरत नाही, हे मान्य. नोकरी सोडून शिकणारे लवकर उत्तीर्ण होतही असतील. पण घरात वर्षभराचा खर्च बाजूला काढलेला असेल त्यांनी ते करावे. आज टाळ्या वाजवणाऱ्यांत असे किती होते, ते त्यांच्या चपलांवरून कळत होते.

हे लिहिताना त्या लोकांवरचा राग ओसरला आहे. पोरीने वीस-पंचवीस हजारांवर बारा-बारा तास उभे राहायचे, वर डॉक्टरांचे आणि नातेवाइकांचे बोलणे खायचे, हे आईबापांना दिसते. कोणी वाट दाखवली तर ते टाळ्या वाजवणारच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्या बातमीचे कात्रण आज पडद्यावर असे झळकत होते की जणू सही या मार्गदर्शनवाल्यांनीच केली. परदेशी जाणाऱ्या केरळी लोकांसाठीच्या ‘नोर्का रूट्स’ या केरळ सरकारच्या संस्थेने २०२१ मध्येच जर्मनीच्या सरकारी यंत्रणांशी करार केला; त्यात परिचारिकांना बी-वनपर्यंतची, म्हणजे बी-टूच्या एक पायरी खालपर्यंतची भाषा मोफत शिकवतात आणि निवडीसाठी त्यांच्याकडून पैसे घेत नाहीत. आपल्याकडच्या मुलींनी मात्र मंगल कार्यालयात बसून लाखांचे आकडे ऐकायचे.

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारची नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, आणि त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. मी उभा राहून नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा ‘काका, प्रश्न शेवटी’ असे उत्तर मिळाले आणि शेवटी चहा आला.

भाचीने मुलाखतीत समोरच्यांना उलट विचारले होते की, रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे हे तिथे परिचारिकेनेच करायचे का. हो, असे उत्तर आले. आपल्याकडे ही कामे मावशी किंवा नातेवाईक करतात, आणि तिकडे गेल्यावर हे कळून रडणाऱ्या मुली आहेत. तिने दोन दिवस विचार केला आणि मग होकार कळवला. याला मी तयारी म्हणतो.

राहता राहिले आमचे नातेवाईक, ज्यांना ‘अजून गेली नाही का?’ यापलीकडे प्रश्न सुचत नाही. येत्या लग्नसराईसाठी आगाऊ उत्तर इथेच देऊन ठेवतो: बी-टूच्या चारपैकी तीन भाग सुटले आहेत, बोलण्याचा भाग पुन्हा द्यायचा आहे, नोकरी चालू आहे, आणि मूळ गुणपत्रिका ताईच्या कपाटात आहेत.