ओम्री नावामागचा राजा राहूनच गेला

दुर्मिळ हिब्रू नावांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात ओम्रीला फक्त दोन ओळी देऊन पुढे गेलात, हे खटकलं राव. ओम्री हा इ.स.पूर्व नवव्या शतकातला इस्रायलचा राजा, मूळचा सेनापती. झिम्री नावाच्या माणसाने आधीच्या राजाला मारून गादी बळकावली, ती टिकली फक्त 7 दिवस, ओम्रीने शहराला वेढा घातला तेव्हा झिम्रीने महाल पेटवून दिला आणि स्वतःही त्यातच मेला. मग ओम्रीने शेमेर नावाच्या माणसाकडून एक टेकडी चांदी मोजून विकत घेतली आणि तिथे शोमरोन राजधानी वसवली. बायबल त्याला आधीच्या सगळ्या राजांपेक्षा वाईट म्हणतं, पण शेजारच्या मोआब राज्याचा मेशा राजा, म्हणजे चक्क शत्रू, त्याच्या शिलालेखात ओम्रीचं नाव आहे (तो दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, फोटोत बघितला तरी अंगावर काटा येतो), आणि अश्शूरी लोक तर पुढेही त्या राज्याला ओम्रीचं घराणं म्हणत राहिले.

दुष्टांची नावं मुलांना ठेवू नयेत असं ताल्मूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ सांगतो. तरी विसाव्या शतकात सेक्युलर इस्रायली आईबापांनी ओम्री, निम्रोद (हाही बायबलमधला, दुष्ट मानला गेलेला राजा) अशी नावं बिनधास्त उचलली, आणि मला ते मनापासून पटतं, कारण ज्याने राजधानी उभी केली त्याला नुसतं पापी म्हणून सोडून देणं अन्यायच आहे. इस्रायलबाहेर हे नाव थोडंफार कानावर आलं ते ओम्री कास्पीमुळे, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळलेला पहिला इस्रायली, 2009 मध्ये.