ताईंच्या ‘जाहिराती’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमच्या भावाच्या मानेचे तीन लेव्हल, म्हणजे मणक्यांमधल्या तीन जागा, ऑपरेशन करून जोडले, दोन वर्षं झाली तरी मान दुखतेच, आणि माझ्या अशाच ऑपरेशनवरचा लेख म्हणजे डॉक्टरांची फुकट जाहिरात, असं तुम्ही लिहिलंत. ‘मान लाकडाची होते आणि पाच वर्षांत शेजारचा मणका जातोच’, हेही. राग आला नाही. डॉक्टरांचं नाव मी लेखात दिलं नव्हतं, इथेही देणार नाही.

आधी एक विचारतो. भावाचं ऑपरेशन मान दुखते म्हणून झालं, की हातपाय साथ देईनासे झाले म्हणून? सगळा हिशेब इथेच फिरतो. नस दबून हातात कळ जात असेल तर या ऑपरेशनने बहुतेकांना चांगला आराम पडतो. नुसत्या मानदुखीसाठी केलं तर भरवसा सगळ्यात कमी.

माझी मान फारशी दुखतच नव्हती. इतवारीत दुकानात नोटा मोजताना बोटं अडखळायला लागली. मग सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत आला. सदऱ्याची बटणं बायको लावून देत होती. एमआरआयमध्ये मज्जारज्जूच दबलेला निघाला. अशा वेळी ऑपरेशन करतात ते मुख्यतः बिघाड तिथेच थांबावा म्हणून. गेलेलं परत आलं तर तो नफा. बटणं चार महिन्यांनी लागायला लागली. सही काही पूर्वीसारखी झाली नाही, बँकेत नवीन देऊन आलो. डाव्या हाताची दोन बोटं आजही बधिर आहेत. तरी लेखात मी ‘पूर्ण बरा झालो’ असं लिहून बसलो. तिथे तुमचा ठपका मान्य, ते वाक्य काढलं आहे.

गिळण्याच्या त्रासाबद्दलही मी लिहायला हवं होतं. समोरून, गळ्याच्या बाजूने चीर देतात, अन्ननलिका बाजूला सारतात; त्यामुळे सुरुवातीला घास अडकणं अगदी नेहमीचं. मला हे आधी कुणी सांगितलं नाही. तीन आठवडे पातळ वरण-भातावर काढले, तर्री पोह्यांचा वासच काय तो घेतला. आवाज बसला तो वेगळाच. गिऱ्हाइकाला हाक मारायची तर टेबल वाजवावं लागे.

लाकडाचं मात्र पटत नाही. डावीकडे-उजवीकडे मान वळते त्यातला जवळपास अर्धा भाग सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमधला. माझे चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे जोडलेत, त्यामुळे मागून येणारी गाडी थोडा खांदा वळवून दिसते. वर बघणं गेलं, हे खरं. पंख्याचं काम आता पोरगा करतो.

शेजारच्या मणक्याचंही तसंच. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ३७४ रुग्ण होते. शेजारच्या जागी नव्याने त्रास झाला तो वर्षाला साधारण २.९ टक्क्यांना, दहा वर्षांत सुमारे चौघांतल्या एकाला. हा आकडा लहान नाही बाप्पा. पण ‘जातोच’ म्हणण्याइतका मोठाही नाही. गंमत म्हणजे एकापेक्षा जास्त लेव्हल जोडलेल्यांत हा धोका कमी निघाला, कारण सगळ्यात जास्त झिजणाऱ्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या जागा बहुधा आधीच जोडलेल्या असतात.

जास्त लेव्हलची खरी भीती निराळी. जितक्या जागा जास्त, तितकी एखाद्या ठिकाणी हाड न जुळण्याची शक्यता जास्त. दोन वर्षांनीही दुखत असेल तर हाड जुळलं का, हे सर्जनला स्पष्ट विचारा. मान पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेत किंवा सीटी स्कॅनमध्ये ते कळतं. हाताची पकड सुटत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर उद्यावर टाकू नका.

आणि भाऊ खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खातो का, तेही बघा. निकोटीन हाड जुळू देत नाही. मला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी ‘सोडला’ म्हणालो होतो, आणि पुडी खिशातच होती.