गाडीच्या एसीच्या गेजवर ९५ दिसले म्हणजे गॅस पुरेसा आहे, असे नव्हे

नमस्कार. गाडीचा एसी गार करत नसेल तर काय करावे, या माझ्या सल्ल्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे म्हणणे असे: बंद गाडीच्या एसीला दाब मोजणारे गेज लावले तर कमी दाबाची (लो साइड) आणि जास्त दाबाची (हाय साइड) अशा दोन्ही बाजूंना ९५ पीएसआय (दाबाचे एकक) दिसले, म्हणजे गॅस आहे, गॅरेजवाला कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) गेला म्हणतो ते बरोबर, 'आधी गळती शोधा' हा माझा सल्ला म्हणजे वेळेचा अपव्यय, ॲल्युमिनियम गंजत नाही, तेव्हा खाऱ्या हवेचा बागुलबुवा कशाला, आणि 'क्लचचा (कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणाऱ्या भागाचा) टक् आवाज ऐका' हे तुमच्या गाडीला लागूच पडत नाही.

शेवटच्या मुद्द्यात चूक माझी. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच नसलेला कॉम्प्रेसर येतो. त्याची पुली आणि शाफ्ट कायम फिरतात, थंडावा किती हे आतला कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. तिथे आवाजाची वाट पाहण्यात अर्थ नाही. क्लचवाल्या गाडीत मात्र ती तपासणी पहिलीच: टक् होत नसेल तर फ्यूज बघा, रिले (विजेवर चालणारा स्विच) त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून बघा, मग क्लचच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. साधारण ३ ते ४ ओहम हवा.

आता ९५. आर-१३४ए, म्हणजे एसीतला गॅस, बंद सिस्टिममध्ये द्रव आणि वाफ अशा दोन्ही रूपांत असतो, आणि द्रव शिल्लक आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. २५ अंशांना सुमारे ८२, ३० अंशांना ९७, ३५ अंशांना ११४ पीएसआय. घरातला स्वयंपाकाचा सिलिंडर अर्धा झाला तरी त्यातला दाब अर्धा होत नाही, तसेच हे. गाडीत ४५० ग्रॅम गॅस लागत असेल आणि २०० ग्रॅमच उरला असेल, तरी गोव्यातल्या सकाळी गेज ९५ च्याच आसपास दाखवेल. म्हणजे तुमच्या आकड्यावरून एवढेच कळते की सिस्टिम रिकामी नाही. तिथे ४० दिसले असते तर गॅस कमी आहे हे खात्रीने म्हणता आले असते. उलटे म्हणता येत नाही.

खरी माहिती मिळते इंजिन चालू असताना: आरपीएम १५०० च्या आसपास, ब्लोअर पूर्ण, दारे उघडी. ३२ अंशांच्या हवेत लो साइड साधारण ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० यायला हवी. दोन्ही आकडे कमी आले तर गॅस कमी. लो जास्त आणि हाय कमी आली तर कॉम्प्रेसरवर संशय घ्यायला जागा आहे. दोन्ही ९५ वरच बसून राहिल्या तर कॉम्प्रेसर पंपच करत नाही, पण तेवढ्याने तो बाद ठरत नाही. कंट्रोल व्हॉल्व्हचा कनेक्टर, वायर (पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात), प्रेशर सेन्सर, सगळे बघायचे राहिलेले असते. दोन्ही खूप वर गेल्या तर कन्डेन्सरवर (गाडीच्या पुढच्या बाजूचा, गॅसची उष्णता बाहेर टाकणारा जाळीदार भाग) पाइपने पाणी मारा. दाब झपकन उतरला आणि हवा गार झाली तर फॅन किंवा अडकलेली जाळी हेच दुखणे. पर्वरीच्या गर्दीत हवा कोमट आणि मांडवी पूल ओलांडून वेग घेतला की गार, ही त्याचीच ओळख.

ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही, हे खरे. पण मीठ त्याच्या वरच्या ऑक्साइडच्या थराला भोके पाडते. मिरामार किंवा कोलव्याला किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाडीचा बंपर काढून कन्डेन्सरचा खालचा कोपरा बघा: पांढरी भुकटी, बोट लावले की चुरा होणारे फिन्स (पातळ पत्र्या), आणि मध्येच एखादा तेलकट काळा डाग, त्यावर लाल धूळ चिकटलेली. तो डाग म्हणजे गळतीची जागा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते, म्हणून धूळ तिथेच बसते.

गॅस जळत नाही, खर्चही होत नाही. कमी झाला तर कुठून तरी गेलेला असतो. न शोधता भरला तर तेल कमी होत जाते आणि शेवटी कॉम्प्रेसर खरोखरच जातो. तेव्हा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरून सांध्यांवर, सर्व्हिस व्हॉल्व्हच्या (जिथून गॅस भरतात त्या) तोंडाशी साबणाचे पाणी लावायचे. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होऊ शकतो. 'व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा ओढून केलेली पोकळी) टिकला म्हणजे गळती नाही' यावर विसंबू नका: व्हॅक्यूममध्ये फरक जेमतेम १५ पीएसआयचा आणि तोही बाहेरून आत, चालू गाडीत हाय साइडला २०० च्या वर आतून बाहेर. व्हॅक्यूम हवा तो ओलावा काढायला, निदान ३० मिनिटे. आपल्या दमट हवेत सिस्टिम उघडी राहिली असेल तर ड्रायरही (ओलावा शोषणारा भाग) बदला. मग बॉनेटखालच्या लेबलवरचे ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरायचे. जास्त भरला तरी कूलिंग कमीच होते.

गेज हाताशी नसेल तर १० मिनिटे एसी चालवून बॉनेटखालचा जाड पाइप बघा. तो गार आणि घामेजलेला असावा. गाडीखाली पाणी ठिबकायला लागले का, तेही बघा. पंख्याच्या पट्ट्यापासून हात लांब, आणि बारीक पाइपला लगेच हात लावू नका, भाजतो.

कॉम्प्रेसरचे पैसे देण्याआधी चार आकडे पाठवा: चालू इंजिनवर लो आणि हाय, बाहेरचे तापमान, आणि मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर घालून आलेले तापमान.